पुढचा गिअर

१

मंगळवारी सकाळी सव्वासातला फोन वाजला, तेव्हा मुंजाबा दांडगे दोन कप चहा गाळत होता. बायकोला, आवडाबाईला, जाऊन अकरा महिने झाले होते, तरी हात दुसरा कप मांडायचाच.

फोनवर नानासाहेबांचा मुलगा सत्यम होता. "मुंजाबाकाका, शेडवर या. लगेच या. बाबा गेले."

मुंजाबानं गॅस बंद केला की नाही हे त्याला पुढं कधी आठवलं नाही. पुंडलिकनगरातून निघून शहर ओलांडायचं आणि कन्नड रस्त्याला शरणापूरच्या पुढं जायचं, म्हणजे पाऊण तासाचा रस्ता. मोटारसायकलवर तो स्वतःला सांगत होता, हार्ट असेल. अडुसष्टचं वय. हार्टच असेल.

नानासाहेब मूळचे कन्नडकडचे जमीनदार. शरणापूरपुढं त्यांची दोन एकर सीताफळाची बाग होती आणि बागेच्या कडेला पत्र्याचं शेड. शेडमध्ये पाच जुने छोटे ट्रॅक्टर. झाडांच्या दोन ओळींमधून सहज जातील असे, एका सिलेंडरचे, हँडल मारून सुरू करायचे. त्यांच्या कंपन्या कधीच बंद पडलेल्या. नानासाहेब ते भंगारातून उचलून आणायचे आणि मुंजाबा ते उभे करायचा. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तेहतीस वर्षं काढलेला माणूस तो. दर रविवारी सगळी इंजिनं सुरू करायची, बागेत दोन तास वखर मारायचा, पिठलं-भाकर खायची आणि घरी यायचं. लोक म्हणायचे, पेन्शनीत निघालेली पोरं खेळतायत.

शेडसमोर पोलिसांची गाडी उभी होती. मागच्या अंगाला पाण्याचा दगडी हौद होता. हौदाची भिंत आणि एका ट्रॅक्टरची मागची बाजू यांच्यामध्ये नानासाहेब होते. उभेच होते. पडायला जागाच नव्हती. शेजारी वखर टेकवलेला आणि वखर जोडायची पिन त्यांच्या डाव्या मुठीत.

मुंजाबाला उलटी आली. तोंड धुऊन तो परत आला, तेव्हा पोलिसांनी ट्रॅक्टर पुढं ढकलून त्यांना काढलं होतं. आता त्यानं ट्रॅक्टरकडं नीट बघितलं. ताज्या लाल रंगाचा, सायलेन्सर चकचकीत चंदेरी. हा सहावा होता. रविवारी तो इथं नव्हता. असला तर ताडपत्रीखाली असेल.

पुढच्या एक्सलवर वेल्डिंगचा एक जोड होता, नागमोडी, दोन बोटं लांब. वर्कशॉपमध्ये त्या जोडाला सगळे हसले असते. मुंजाबानं तो बारा वर्षांपूर्वी स्वतः मारला होता.

आवडाबाईचा ट्रॅक्टर. रविवारी ती शेडवर यायची तेव्हा हाच चालवायची. ती गेली त्या महिन्यात त्यानं नानासाहेबांना सांगितलं होतं, घेऊन जा आणि भंगारात टाका, मला डोळ्यासमोर नको. नानासाहेबांनी तो भंगारात टाकला नव्हता.

आणि त्याचा गिअरबॉक्स मुंजाबानं स्वतःच्या हातानं बसवलेला होता.

२

सहायक निरीक्षक करुणा मॅडम पस्तिशीच्या होत्या. आवाज चढवत नव्हत्या, त्यामुळं माणूस जास्त घाबरायचा.

"काका, मशिनीतलं तुम्हाला कळतं म्हणतात. मला एक सांगा. माणूस चेंगरला मागच्या भिंतीशी. म्हणजे ट्रॅक्टर मागं आला."

"व्हय."

"आम्ही आलो तेव्हा गिअर पुढचा होता. पहिला. पुढच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर मागं कसा येईल?"

त्याला एकच उत्तर दिसत होतं. गिअरबॉक्स जोडताना आतला काटा उलटा बसला, तर पुढचा तो मागचा होतो. वर्कशॉपमध्ये शिकाऊ पोरं अशी चूक करतात. आपण केली का? गेल्या वर्षी, तिच्या आजारपणात, दवाखान्याच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये तो हा गिअरबॉक्स जोडत होता. चित्त कुठं होतं?

"खोलून बघू का?" तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला दुसऱ्याचा वाटला.

बोल्ट काढेपर्यंत करुणा मॅडम बोलत राहिल्या. नानासाहेब सोमवारी दुपारी चारच्या सुमाराला गेले, असं डॉक्टरांचं म्हणणं. शेडवर कधीकधी मुक्काम करायचे, म्हणून घरच्यांनी रात्री शोध घेतला नाही. त्यांच्या उजव्या मनगटावर काळानिळा वळ होता. ट्रॅक्टर सुरू करायचं लोखंडी हँडल दहा फुटांवर पडलं होतं आणि शेडच्या पत्र्याला ताजा पोचा. "झटापट झाली. हँडल फेकून मारलं. चुकलं, पत्र्याला लागलं. सरळ दिसतंय."

"कुणाशी झटापट?"

मॅडमनी हनुवटीनं बांधाकडं दाखवलं. तिथं खंडेराव उकिडवा बसला होता. साडेसहा फुटांचा म्हातारा, खांद्यावर घोंगडं. त्याची मेंढरं बाजूच्या माळावर असायची आणि बागेची राखण तोच करायचा. सकाळी त्यानंच नानासाहेबांना बघितलं. रविवारी मेंढरांनी सीताफळाची अकरा रोपं खाल्ली होती. नानासाहेब सगळ्यांसमोर त्याला नको ते बोलले आणि खंडेरावही तोंडाचा फाटका. "मालक, त्या भंगाराला पोटच्या लेकरापरीस जपता. एक दिस तेच तुमाला खाईल!" हे मुंजाबानंही ऐकलं होतं.

सत्यम जवळ आला. डोळे सुजलेले. "काका, काय निघालं?"

"तू काल कुठं होतास?" करुणा मॅडमनी मध्येच विचारलं.

"कन्नडला. शेतावर."

तो हे जमिनीकडं बघून म्हणाला.

झाकण निघालं. मुंजाबानं बॅटरी धरली. काटा बघितला. दात बघितले. दोनदा बघितले. सगळं जिथल्या तिथं होतं. पहिला म्हणजे पुढंच. आणि रिव्हर्स टाकायचा तर दांडीखालचा खटका बोटानं उचलावा लागतो, तोही शाबूत होता.

त्याला रडू आलं. आपण मारलं नाही.

"म्हणजे रिव्हर्स चुकून पडत नाही?" करुणा मॅडम म्हणाल्या.

"नाय. खटका उचलल्याशिवाय नाय पडत."

"मग कुणीतरी मुद्दाम रिव्हर्स टाकला, माणूस चेंगरला आणि नंतर दांडी पुढं करून ठेवली. काका, हा अपघात नाही." त्यांनी शिपायाला खूण केली. "त्या खंडेरावला गाडीत घ्या."

मुंजाबाच्या सुटकेची किंमत खंडेरावला मोजावी लागली होती.

३

बुधवारी सकाळी आक्काबाई पुंडलिकनगरात दारात उभी राहिली. खंडेरावची बायको. दोन बस बदलून आली होती. आत ये म्हटलं तरी येईना.

"भाऊ, तुमी मशिनीतलं जाणता. आमचा म्हातारा त्या ट्रॅक्टरच्या सावलीत पण बसत नाय. भितो त्याला. त्यो काय चालवणार?"

"मी काय करू आक्काबाई? पोलिसांनी—"

"वैनी असती तर काय म्हनली असती, तेवढं करा." ती म्हणाली आणि पदरानं नाक पुसलं. "आमच्या शालूला सरप चावला तवा रस्त्यानं चिखल. जीप येईना. वैनीनं त्याच ट्रॅक्टरच्या मागं फळकूट बांधून पोरीला डांबरीपतूर नेलं. शालू आज दोन लेकरांची माय हाय. आमी इसरलो नाय."

मुंजाबा शेडवर गेला. दाराशी एक शिपाई मोबाईल बघत बसला होता, त्यानं आत सोडलं.

दुपार होती, ऊन होतं, तरी त्याला त्या ट्रॅक्टरजवळ जायची भीती वाटत होती. लाल रंग फार सुंदर मारला होता. नानासाहेबांना असा हात नव्हता. ते रंग थापायचे. हे कुणी केलं?

तो चाकाशी बसला. मग त्याला डाग दिसला. बॉनेटच्या डाव्या अंगाला, जिथून इंजिन हवा आत ओढतं त्या एअर क्लीनरच्या तोंडाशी, लाल रंगावर काजळी उडाली होती. काजळी तिथं कशी? धूर निघतो तो सायलेन्सरमधून. त्यानं सायलेन्सरमध्ये बोट घातलं. बोट कोरं निघालं. त्यानं एअर क्लीनरची वाटी सोडवली. वाटीतलं ऑइल नवं असणार, मधासारखं. ते डांबरासारखं काळं होतं.

ज्या तोंडानं श्वास घ्यायचा त्या तोंडानं या इंजिनानं धूर ओकला होता.

इंजिन उलटं फिरलं होतं.

असं होतं. फार क्वचित होतं, पण या जुन्या एका सिलेंडरच्या इंजिनात होतं. इंजिनाच्या डोक्यावर एक छोटा लिव्हर असतो. तो उचलून ठेवला की आतली हवा निसटते आणि हँडल हलकं फिरतं. एकानं हँडल फिरवायचं आणि वेग आला की दुसऱ्यानं लिव्हर खाली सोडायचा. वेग यायच्या आत सोडला, तर इंजिन लाथ मारतं. हँडल हातातून उडतं आणि एखाद्या वेळी इंजिन उलट्या अंगानं सुरू होतं. मग हवा आत जायच्या वाटेनं धूर बाहेर येतो आणि पुढचा गिअर टाकला की गाडी मागं जाते.

मनगटावरचा वळ झटापटीचा नव्हता, लाथेचा होता. हँडल कुणी फेकलं नव्हतं, ते उडालं होतं. खून झालाच नव्हता!

त्यानं हे एकदाच बघितलं होतं आणि काल भीतीपोटी ते आठवलंच नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी, याच शेडमध्ये, याच ट्रॅक्टरवर. तो हँडलवर, आवडाबाई लिव्हरवर. तिनं घाईनं सोडला. त्यानं पहिला टाकला आणि ट्रॅक्टर मागं गेला, दुधाची किटली चपटी झाली. आवडाबाई आधी हसली, मग पांढरी पडली. "नानासाहेबांना सांगू नका हं. परत हात लावू द्यायचे नाहीत मला." त्यालाही लाज वाटली होती. वर्कशॉपचा माणूस आणि ट्रॅक्टर उलटा सुरू करतो. त्यानं कुणालाच सांगितलं नाही. तेव्हापासून ती मोठ्यानं मोजायची. एक, दोन, तीन. तीन फेरे पुरे झाल्याशिवाय लिव्हर सोडायची नाही.

खंडेराव सुटणार होता. मुंजाबा गुडघ्यावर हात टेकून उठला, फोन काढला आणि त्याची नजर इंजिनाच्या डोक्यावर गेली.

लिव्हर वर होता.

इंजिन चालू असताना लिव्हर खाली असतो. म्हणजे कुणीतरी तो नंतर उचलून इंजिन बंद केलं होतं. शेडवर येणारे बाकी सगळे इंजिन बंद करायला डिझेल तोडणारी तार ओढायचे. तीच पद्धत. लिव्हर उचलून बंद केलं तर व्हॉल्व्ह बिघडतो. नानासाहेब ओरडायचे, "वहिनी, किती वेळा सांगू, तार ओढा!" आणि वहिनी म्हणायची, "तुमची तार जाम आहे, मला हेच बरं."

लिव्हर उचलून इंजिन बंद करणारं माणूस या जगात एकच होतं. आणि ते अकरा महिन्यांपूर्वी गेलं होतं.

नाही. एक नाही. तिनं हे एकीला शिकवलं होतं.

४

तनुजा. मुंजाबाची एकुलती एक लेक, गारखेड्यात दिलेली. लहानपणी रविवारी आईसोबत शेडवर यायची, लिव्हरवर बोट ठेवायची आणि मोजायची. सोमवारपासून तिचा फोन आला नव्हता. रोज संध्याकाळी येणारा फोन. हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

शिपायाचं लक्ष मोबाईलमध्ये होतं. मुंजाबानं बोट पुढं केलं आणि लिव्हर खाली दाबला. बारीक टक्‌ असा आवाज झाला. झालं. आता काजळी दाखवायची, वळ दाखवायचा, खंडेराव सुटेल. नानासाहेब एकटेच होते म्हणायचं.

पण एकटा माणूस एकाच वेळी मागं पिन लावायला उभा राहून पुढं गिअर कसा टाकेल? हे शाळेतलं पोर विचारेल.

त्यानं करुणा मॅडमना फोन केला नाही. तो पोलीस ठाण्यात गेला. वाटलं, खंडेरावनं काही बघितलं असेल, तर ते पोलिसांच्या आधी आपल्याला कळावं. तेहतीस वर्षं खोट्या बिलावर सही केली नाही आणि आज आपण काय करत फिरतोय, असंही वाटलं. तरी गेला.

खंडेरावला दोन मिनिटं भेटू दिलं. घोंगडं काढून घेतलं होतं, त्यामुळं तो एकदम लहान दिसत होता.

"खंडेराव, सोमवारी चारला तू कुठं होतास?"

"माळावर."

"माळावरून शेडचा रस्ता दिसतो."

"दिसतो की."

"कोण आलं होतं?"

खंडेरावनं दाराशी उभ्या शिपायाकडं बघितलं. "म्या काय बघितलं नाय, भाऊ."

"अरे, तुला खुनात अडकवतायत!"

"अडकवू द्या. म्हातारं हाड हाय." मग तो गजांशी आला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, तुमी नका खोलात जाऊ. वैनीनं माझी शालू वाचवली. फेडायचं असतं माणसानं कवातरी."

खंडेरावनं बघितलं होतं. आणि तो बोलणार नव्हता. तो तिच्यासाठी आत बसणार होता.

बाहेर बाकावर सत्यम बसलेला. मुंजाबाला बघून उठला. "काका, मी कन्नडला नव्हतो. बिल्डरकडं होतो, उस्मानपुऱ्यात. बाग विकायचं बोलत होतो. बाबा तिकडं मरत होते आणि मी इकडं चहा पीत होतो. आत्ताच मॅडमना खरं सांगितलं. त्यांनी फोन करून खात्री केली." तो बोलता बोलता रडायला लागला. मुंजाबानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तोच हात, लिव्हर दाबलेला.

तेवढ्यात करुणा मॅडमनी आत बोलावलं. टेबलावर दोन फोटो होते.

"काका, हा मंगळवारी सकाळचा. हा आत्ता दुपारी शिपायानं पाठवलेला. तुम्ही निघाल्यावर मी सगळ्याचे परत फोटो काढायला सांगितलं होतं. मला मशिनीतलं कळत नाही, म्हणून मी नुसतं दोन फोटोंत काय वेगळं आहे ते बघते." त्यांनी पेनाचं टोक इंजिनाच्या डोक्यावर ठेवलं. "इथं ही दांडी वर आहे. इथं खाली. मधल्या वेळात ट्रॅक्टरला हात लावला तो फक्त तुम्ही."

मुंजाबानं उजवा हात टेबलाखाली घेतला.

"उद्या सकाळी दहापर्यंत विचार करा," त्या म्हणाल्या. "खंडेरावची अटक आज दाखवली आहे, दहानंतर त्याला कोर्टात उभं करणार. मग माझ्याही हातात राहत नाही."

५

गारखेड्यात तनुजानं दार उघडलं तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. नवरा अजून कामावरून यायचा होता. घरात दिवा लावलेला नव्हता. तिच्या नखांच्या कडेला लाल रंग होता, घासूनही न गेलेला.

मुंजाबा खुर्चीवर बसला नाही. म्हणाला, "तनू, मोजलं होतंस का?"

ती भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली.

"अण्णा, मी एक, दोन, तीन म्हटलं. आई म्हणायची तसंच. तिसऱ्याला सोडला."

मग ती बोलत राहिली. नानाकाकांनीच फोन केला होता, दोन महिन्यांपूर्वी. तुझ्या आईचा ट्रॅक्टर मी भंगारात टाकलेला नाही, म्हणाले. वर्षश्राद्धाला तो सुरू करून तुझ्या बापासमोर उभा करू, बघू मग कसा नको म्हणतो. ती दर सोमवारी अर्धी सुट्टी टाकून स्कूटीवर शेडला जायची. रंग तिनंच मारला. या सोमवारी पहिल्यांदा इंजिन सुरू करायचं होतं. नानाकाका हँडलवर. त्यांचा खांदा दुखत होता, ते सावकाश फिरवत होते. तीन म्हटल्यावर धाडकन आवाज झाला, हँडल उडालं, त्यांच्या मनगटाला लागलं. पण इंजिन सुरू झालं! धूरच धूर, आणि नानाकाका मनगट चोळत हसतायत. म्हणाले, बस वर, वखर जोडू, एक तास मारू, तुझ्या आईला बरं वाटेल. ते मागं गेले. त्यांनी हात केला, जरा पुढं घे.

"मी पुढचा टाकला अण्णा. शपथ घेते. पहिलाच टाकला. क्लच सोडला आणि गाडी मागं गेली. मी लिव्हर उचलला. खाली उतरून ओढलं, ढकललं, गाडी हलंना. नानाकाकांचे डोळे उघडे होते. मग मी गिअर बघितला. पुढचाच होता." तिनं दोन्ही हात कानांवर दाबले. "कोण मानणार होतं? मलाच खरं वाटेना. मला वाटलं, मला वेड लागलंय. मी पळाले. तीन दिवस मी तेच बघतेय, गिअर पुढचा होता, गिअर पुढचा होता—"

"तनू. ऐक. इंजिन उलटं फिरत होतं."

तिनं मान वर केली.

त्यानं समजावून सांगितलं. वेग, लिव्हर, काजळी. तीन हा आकडा त्याच्या स्वतःच्या हाताच्या जोरासाठी होता. नानासाहेबांच्या दुखऱ्या खांद्याला तीन फेरे पुरे नव्हते. तू आईनं शिकवलं तेच केलंस.

ती ऐकता ऐकता पोटातून रडली. सोमवारपासून पहिल्यांदा रडत असावी. मग तिनं तोंड पुसलं आणि विचारलं, "खंडेरावकाकांना धरलंय म्हणे. खरं का?"

"खरं. त्यानं तुला जाताना बघितलंय. बोलत नाही."

ती उठली आणि चपला शोधायला लागली. "चला."

"सकाळी जाऊ. जावईबापूंना येऊ दे. सकाळी दहाच्या आत."

"मला काय होईल, अण्णा?"

मुंजाबाला ते माहीत नव्हतं. त्यानं तसंच सांगितलं.

६

गुरुवारी साडेआठला बापलेक ठाण्यात होते. तनुजानं सगळं सांगितलं. करुणा मॅडमनी पेन खाली ठेवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "गोष्ट ऐकली. आता मला दाखवा."

दुपारी बाराला शेडसमोर सगळे जमले. सत्यम होता. खंडेरावला गाडीतून आणलं होतं. हौदाच्या भिंतीला कडब्याच्या चार पेंढ्या बांधल्या आणि तिकडं कुणी जायचं नाही म्हणून दोरी लावली.

मुंजाबानं हँडल धरलं. जाणता माणूस अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवतो, म्हणजे लाथ बसली तर मूठ सुटते. त्यानंही तसाच ठेवला. समोर तनुजा, लिव्हरवर बोट. अगदी आईसारखी उभी होती, डावा पाय पुढं. त्यानं तिच्याकडं बघायचं टाळलं.

"एक. दोन. तीन."

इंजिन सरळ सुरू झालं. सायलेन्सरमधून धूर निघाला.

"झालं?" सत्यम म्हणाला. "हेच दाखवायचं होतं?"

तार ओढून बंद केलं. दुसऱ्यांदा सुरूच झालं नाही. तिसऱ्यांदा परत सरळ. करुणा मॅडमनी घड्याळ बघितलं. तनुजाचा चेहरा राखेसारखा झाला होता. मुंजाबाला कळलं, आपण अजून हात जपतोय. लाथ बसायची भीती वाटतेय, म्हणून वेगानं फिरवतोय.

चौथ्यांदा त्यानं नानासाहेबांचा खांदा आठवला. दुखरा, सावकाश. तसं फिरवलं.

"एक... दोन... तीन."

धाडकन आवाज झाला. हँडल हातातून सुटून पत्र्यावर आदळलं, जुन्या पोच्यापासून वीतभर अंतरावर. मुंजाबा मनगट धरून बसला. आणि बॉनेटच्या डाव्या अंगानं, एअर क्लीनरच्या तोंडातून, काळा धूर भसाभसा बाहेर आला. इंजिन चालू होतं. आवाज जरा जड होता, बस. ऐकून न कळण्याइतका.

तो उठला. एका हातानं सीटवर चढला. "मॅडम, दांडी बघा. खटका उचलला नाय. पहिला टाकतोय. पुढचा."

क्लच सोडला. ट्रॅक्टर मागं गेला. पेंढ्या चिरडल्या आणि भिंतीला लागून इंजिन धापा टाकत राहिलं. त्यानं तार ओढली.

करुणा मॅडम दांडीजवळ वाकल्या, फोटो काढला. मग मुंजाबाचं मनगट बघितलं. वळ उमटायला लागला होता, त्याच जागी.

"खंडेरावचे हात सोडा," त्या शिपायाला म्हणाल्या.

खंडेराव हात चोळत तनुजाजवळ आला. "कशाला बोललीस पोरी? मला काय, आत पण भाकर मिळत व्हती."

"गप बसा काका," ती म्हणाली आणि त्याच्या पायाशी वाकली. त्यानं तिला मध्येच धरलं.

करुणा मॅडमनी स्पष्ट सांगितलं. खून नाही. पण माणूस गेला आहे, पळून जाणं झालं आहे आणि काकांनी पुराव्याला हात लावला आहे. कागद कोर्टात जातील, पुढचं कोर्ट बघेल.

निघताना त्यांनी सहज विचारलं, "काका, इंजिन उलटं फिरतं हे तुम्हाला कसं माहीत?"

"वर्कशॉपमध्ये ऐकलं होतं," मुंजाबा म्हणाला.

सत्यम चिरडलेल्या पेंढ्यांकडं बघत उभा होता. तो वळला. रागावला नव्हता, हेच जास्त अवघड होतं. "तनुजाताईला मी काय बोलणार, काका. तिला माहीतच नव्हतं. बाबांनाही माहीत नव्हतं. कुणी एकदा सांगितलं असतं, तर बाबा मागं गेलेच नसते."

"नसते गेले," मुंजाबा म्हणाला.

७

नानासाहेबांचा दहावा झाला. सत्यमनं बाग विकायचं सध्या थांबवलं आहे. खंडेरावची मेंढरं परत माळावर आहेत आणि खाल्लेल्या अकरा रोपांच्या जागी त्यानं अकरा आळी खणून ठेवली आहेत. तनुजाला कोर्टाची पहिली तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली आहे. ती रोज संध्याकाळी फोन करते. मुंजाबानं शेडमधल्या सगळ्या इंजिनांवर ठळक अक्षरांत सूचना रंगवली आहे, की वेग आल्याशिवाय लिव्हर सोडू नये आणि गिअर टाकण्याआधी धूर कुठून येतो ते बघावं. मनगट अजून दुखतं.

आवडाबाईचं वर्षश्राद्ध नऊ दिवसांवर आलं आहे. ट्रॅक्टरला सील आहे.

नऊ वर्षांपूर्वीच्या त्या किटलीचं सत्यमला सांगायचं राहिलं आहे.